केप पॉइंट: फोटोपुरतं थांबू नका, दिवसभर चाला

केप ऑफ गुड होप हे नाव तुम्ही पहिल्यांदा कुठे वाचलंत? बहुधा शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात. वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून १४९८ साली कालिकतला आला, हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाठ केलंय. पण तो वळसा जिथे घातला ती जागा आपल्यासाठी नकाशावरचं एक टोक एवढीच राहते. प्रत्यक्षात ते टोक म्हणजे समुद्रात घुसलेला, वाऱ्याने झोडपलेला, सात हजार हेक्टरांहून मोठा डोंगराळ भाग आहे. तिथे कडे आहेत, पांढऱ्या वाळूचे रिकामे किनारे आहेत, हरणं आहेत, शहामृगं आहेत आणि माणसाला अजिबात न घाबरणारी माकडंही आहेत.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनपासून हे ठिकाण सुमारे ६० किलोमीटरवर आहे. १९३९ साली हा भाग राखीव झाला आणि आता तो टेबल माउंटन नॅशनल पार्कमध्ये येतो. केप टाउनला जाणारा जवळपास प्रत्येक भारतीय पर्यटक इथे येतो, पण थांबतो किती? टूरची बस येते, लोक लाकडी पाटीसमोर रांग लावतात, फोटो काढतात, वर दीपस्तंभापर्यंत जाऊन खाली येतात, दुकानातून मॅग्नेट घेतात आणि बस निघते. सगळं मिळून दीड तास.

तुम्ही तसं करू नका. आम्ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे पूर्ण दिवस काढला. बरोबर माझी ६८ वर्षांची आई होती आणि नऊ वर्षांची मुलगी होती. दोघीही दमल्या, दोघींचेही केस वाऱ्याने विस्कटले आणि दोघीही अजून त्याच दिवसाबद्दल बोलतात.

नैर्ऋत्येचं टोक, दक्षिणेचं नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. हे आफ्रिकेचं सर्वांत दक्षिणेचं टोक नाही. ते केप अगुल्हास, इथून सुमारे १५० किलोमीटर आग्नेयेला. केप ऑफ गुड होप हे खंडाचं सर्वांत नैर्ऋत्येकडचं टोक आहे आणि पाटीवरही तसंच लिहिलंय. अटलांटिक आणि हिंदी महासागर इथेच मिळतात असंही गाइड छातीठोकपणे सांगतात. कागदोपत्री ती सीमारेषा अगुल्हासला आहे. तरी दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मात्र खरा आहे. पश्चिमेकडून थंड बेंग्वेला प्रवाह येतो, पूर्वेकडून गरम अगुल्हास प्रवाह. त्यामुळे पूर्वेच्या फॉल्स बेमधलं पाणी पश्चिमेपेक्षा थोडं कोमट असतं. थोडंच हं! गोव्याच्या समुद्राची सवय असलेल्यांनी फार आशा धरू नये.

फॉल्स बे, म्हणजे फसवी खाडी, हे नावही आपल्याकडून परतणाऱ्या जहाजांमुळे पडलं. पूर्वेकडून येणारे खलाशी केप हँगक्लिप नावाच्या दुसऱ्याच डोंगराला केप पॉइंट समजायचे, टोक पार झालं म्हणून उत्तरेला वळायचे आणि थेट या खाडीत शिरायचे. मसाल्यांनी भरलेली जहाजं घेऊन घरी निघालेल्या माणसांची ती चूक नकाशावर कायमची राहिली.

आणि बार्तोलोमेउ दियाश? १४८८ साली हे टोक पार करणारा पहिला युरोपियन. जाताना वादळाने त्याला इतकं लांब फेकलं की टोक दिसलंच नाही. दिसलं ते परतताना. त्याने त्याला वादळांचं टोक म्हटलं असं सांगतात. पोर्तुगालच्या राजाला ते नाव आवडलं नाही, कारण भारताची वाट सापडायची आशा आता होती. म्हणून गुड होप. पुढे १५०० साली दियाश भारताकडे निघालेल्या दुसऱ्या ताफ्यात होता. याच टोकाजवळच्या समुद्रात वादळात त्याचं जहाज बुडालं आणि तोही गेला. राजाने ठेवलेलं नाव टिकलं, पण दियाशचं नाव जास्त खरं होतं, असं तिथे कड्यावर उभं राहिल्यावर वाटतं.

वाटेतच वेळ काढा

गाडी भाड्याने घेणार असाल तर जाताना चॅपमन्स पीक ड्राइव्हने जा. हाउट बे आणि नूर्डहूक या दोन गावांमधला हा नऊ किलोमीटरचा घाट आहे, वळणं ११४. १९२२ साली तो पूर्ण झाला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला थेट खाली अटलांटिक. टोल लागतो, आणि दरड कोसळायची भीती असली की रस्ता बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी फोनवर तपासून घ्या. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे चालवायला अडचण येत नाही. माझ्या आईने अर्धा घाट डोळे मिटून काढला हे तिच्या परवानगीने सांगते.

पार्कच्या गेटवर तिकीट काढून आत शिरलात की पहिली प्रतिक्रिया कदाचित "एवढंच?" अशी असेल. आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिंह, हत्ती, उंच गवत येतं. इथे सिंह-हत्ती नाहीत. झाडंही जवळजवळ नाहीत. नजर जाईल तिथवर गुडघ्या-कमरेएवढी करडी-हिरवी झुडपं आणि मधूनच डोकं काढणारे पांढरट वालुकाश्म. हा खडक सुमारे ४५ कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ त्याच्यापुढे अगदीच तरुण, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा.

गाडी थांबवा, खाली उतरा आणि त्या झुडपांकडे वाकून बघा. या वनस्पतींना फेनबॉस म्हणतात, म्हणजे बारीक पानांची झुडपं. आपल्या कास पठारावर जसं लांबून काही नाही आणि वाकलं की सगळं आहे, तसंच हे. फक्त या एका राखीव भागात सुमारे ११०० जातींच्या वनस्पती आहेत. केपच्या सगळ्या पट्ट्यात मिळून नऊ हजारांच्या आसपास, आणि त्यातल्या साधारण ७० टक्के जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. २००४ साली युनेस्कोने या पट्ट्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

घरातल्या क्रिकेटवेड्यांसाठी एक गोष्ट. दक्षिण आफ्रिकेच्या टीमला प्रोटियाज का म्हणतात? प्रोटिया हे इथलंच फूल. त्यातलं सर्वांत मोठं, ताटलीएवढं, किंग प्रोटिया हे देशाचं राष्ट्रीय फूल आहे. प्रोटियाच्या झुडपावर लांबलचक शेपटीचा एक तपकिरी पक्षी बसलेला दिसला तर तो केप शुगरबर्ड. त्याचं सगळं आयुष्य या फुलांच्या मधाभोवती फिरतं. सूर्यपक्षीही दिसतील, आपल्याकडच्या शिंजिराचे भाऊबंद, पोटावर नारिंगी रंगाचे.

एखादा उतार जळून काळा झालेला दिसला तर हळहळू नका. फेनबॉसला अधूनमधून आग लागतेच, आणि लागायलाच हवी. यातल्या अनेक वनस्पतींचं बी धूर किंवा आच लागल्याशिवाय रुजतच नाही. काहींचं बी मुंग्या ओढून जमिनीखाली नेतात आणि तिथे ते आगीपासून सुरक्षित राहतं. माझ्या मुलीला सगळ्या दिवसात सर्वांत जास्त आवडलेली माहिती हीच. ती पुढचा अर्धा तास मुंग्याच शोधत होती.

प्राणी दिसतात, पण ते नशिबाचं काम आहे. एलंड हे बैलाएवढं हरीण. तोंडावर पांढरा पट्टा असलेलं, अंगावर जांभळट झाक असलेलं हरीण दिसलं तर ते बाँटबोक. नीट बघून घ्या. माणसाने बंदुकीने त्यांना जवळजवळ संपवलं होतं. १९३१ साली त्यांच्यासाठी वेगळं नॅशनल पार्क काढलं तेव्हा त्यात अवघी १७ जनावरं होती. आज दिसणारे सगळे बाँटबोक तेव्हाच्या त्या मूठभरांचेच वंशज. डोंगरी झेब्रेही आहेत, पण थोडेच. आम्हाला दिसले नाहीत. शहामृगं मात्र दिसली, तीही चक्क समुद्रकिनाऱ्यावर, लाटांच्या कडेने डुलत चालणारी. ते दृश्य इतकं विचित्र होतं की कुणालाच फोटो काढायचं सुचलं नाही.

दगडांवर ऊन खात बसलेले घुशीसारखे गुबगुबीत प्राणी म्हणजे डॅसी. मुलांना विचारा, याचा जवळचा नातेवाईक कोण? उंदीर म्हणतील, ससा म्हणतील. उत्तर आहे हत्ती! त्यांचे वरचे दात आणि पायांची रचना नीट पाहिली की शास्त्रज्ञांचं म्हणणं पटतं म्हणे. मला तरी घूसच दिसत होती.

पोळ्यांची पिशवी

आता मुख्य गोष्ट. केप पॉइंटच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडण्याआधी तुम्ही हे वाचलेलं असावं, एवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

त्या दिवशी आईने पहाटे उठून पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली होती. पोळीचे रोल करून फॉइलमध्ये गुंडाळले आणि कापडी पिशवीत ठेवले. पार्किंगला पोहोचलो तर वारा इतका की जॅकेट काढायला आम्ही मागचं दार उघडलं. चारही माणसं गाडीच्या मागे, पुढचं दार नुसतं लोटलेलं. किती वेळ? दहा सेकंद असतील. वळून बघतो तर पुढच्या सीटवर एक भलामोठा नर बबून बसलेला. त्याने शांतपणे पिशवी उचलली, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसला. फॉइल सोलायची पद्धत अशी, जणू रोजचंच काम.

आम्ही ओरडलो, मुलगी रडायला लागली. आई मात्र हसली. "नेऊ दे गं, मुका जीव आहे. मारुतीरायाच्या पोटात गेलं म्हणायचं." तुम्हालाही कदाचित असंच वाटलं असतं. वणीला, माथेरानला, घाटातल्या एखाद्या वळणावर गाडी थांबवून माकडांना केळी, चणे देणं हे आपल्याकडे पुण्याचं काम. आईने आयुष्यभर ते केलंय.

तेवढ्यात माकडांना पार्किंगपासून दूर ठेवायचं काम करणारा एक तरुण हातात काठी घेऊन धावत आला. बबून निघून गेला. तरुण आमच्यावर चिडला नाही, पण त्याने जे सांगितलं त्याने आईचं हसू गेलं. तो म्हणाला, या नराला आता कळलंय की गाडी म्हणजे जेवण. उद्या तो दुसऱ्या गाडीत शिरेल, परवा एखाद्याच्या हातातून हिसकावेल. मग तक्रारी होतील. आणि ज्याच्याबद्दल अशा तक्रारी वाढतात त्या बबूनला शेवटी इंजेक्शन देऊन मारावं लागतं.

मी आईला मराठीत सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपली पोळी त्याच्या जिवावर उठायची?"

हो, उठू शकते. केपच्या या द्वीपकल्पावर मिळून पाचशे-सहाशेच्या आसपास बबून आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला केप टाउनचं वाढतं शहर. त्यामुळे आफ्रिकेतल्या बाकी बबूनपासून ते तुटलेले आहेत; त्यांना जायला दुसरीकडे जागा नाही. त्यांना खाऊ घालणं इथे कायद्याने गुन्हा आहे. आणि खरं सांगायचं तर त्यांना आपल्या खाण्याची गरजही नाही. कंदमुळं, बिया, फुलं तर ते खातातच, पण ओहोटीला खडकांवर उतरून कालवं-शिंपले फोडून खाणारी माकडं बघायची असतील तर ती इथे बघायला मिळतात. आम्ही दुपारी लांबून तो प्रकार पाहिला. एक मादी, पोटाला चिकटलेलं पिल्लू, आणि ती तन्मयतेने दगडावरचं काहीतरी दातांनी खरवडत होती. तिला ना गाडीशी देणंघेणं होतं, ना आमच्याशी.

तेव्हा गाडी लॉक करा, काचा पूर्ण वर. खाण्याची पिशवी सीटवर दिसेल अशी ठेवू नका, डिकीत ठेवा. गाडीचं दार उघडायला बबूनला शिकवावं लागत नाही. हातात चिप्सचं पाकीट घेऊन फिरू नका आणि मुलांच्या हातातही देऊ नका. बबूनने पिशवी धरलीच तर ओढाताण करू नका, सोडून द्या. नराचे सुळे तुमच्या करंगळीएवढे असतात. सेल्फीसाठी जवळ जाणं, डोळ्यांत डोळे घालून बघणं, दात दाखवून हसणं, हे सगळं त्यांच्या भाषेत भांडणाचं आमंत्रण आहे.

संध्याकाळी परतताना एका बसमधून उतरलेल्या काकू पर्समधून बिस्किटांचा पुडा काढत होत्या. गुजरातीत मुलाला सांगत होत्या, बघ, माकड. आई तरातरा त्यांच्याकडे गेली. हिंदीत काय बोलली ते वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही, पण पुडा पर्समध्ये परत गेला.

दोन दीपस्तंभांची गोष्ट

पार्किंगपासून जुन्या दीपस्तंभापर्यंत फनिक्युलर ट्रॉली आहे, वणीच्या सप्तशृंगी गडावर आहे तशीच. तिचं नाव 'फ्लाइंग डचमन', या टोकाशी जोडलेल्या भुताच्या जहाजाच्या दंतकथेवरून. वर पोहोचायला तीनेक मिनिटं लागतात. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर जाताना ट्रॉली आणि येताना पायी, हे उत्तम. बाकीच्यांनी चढूनच जावं, १५-२० मिनिटांचा चढ आहे आणि वाट पक्की आहे.

वरचा दीपस्तंभ १८५९ साली बांधला, जवळजवळ २४० मीटर उंचीवर. इतक्या उंचावर दिवा म्हणजे लांबवर दिसणार, असा सरळ हिशोब. पण घडलं उलटंच. धुकं आणि ढग नेमके त्याच उंचीवर साचायचे आणि हवा असायचा तेव्हाच दिवा झाकला जायचा. आकाश स्वच्छ असलं की तो इतक्या लांबून दिसायचा की जहाजं निर्धास्तपणे जास्तच जवळ यायची. १९११ च्या एप्रिलमध्ये लुसितानिया नावाचं पोर्तुगीज प्रवासी जहाज समोरच्या बेलोज रॉकवर आपटलं. (पहिल्या महायुद्धात बुडालेलं प्रसिद्ध लुसितानिया ते वेगळं.) त्यानंतर टोकाच्या अगदी खालच्या भागात, समुद्रापासून ८७ मीटरवर, दुसरा दिवा उभारला. तोच आजही काम करतो. वरचा फक्त बघण्यासाठी.

तो खालचा दिवा बहुतेक लोक बघतच नाहीत, कारण जुन्या दीपस्तंभापाशी फोटो झाला की सगळे माघारी फिरतात. जरा खाली उतरलं की कड्याच्या धारेवरून जाणारी एक अरुंद पाऊलवाट सुरू होते. ती अर्ध्या तासात अशा जागी नेते जिथून खालचा दीपस्तंभ दिसतो. दोन्हीकडे समुद्र, खाली कड्याच्या कपारींत पाणकावळ्यांची घरटी, आणि आवाज फक्त वारा आणि पाण्याचा. वारा जोरात असेल तर मात्र मुलांना घेऊन या वाटेला जाऊ नका. मी मुलीला आईपाशी ठेवून एकटीच गेले आणि वाटेत दोनदा खाली बसले, हे कबूल करते.

पाटीपर्यंत पायी

पार्किंग केप पॉइंटला, आणि ती प्रसिद्ध पाटी केप ऑफ गुड होपला. ही दोन टोकं वेगवेगळी आहेत, हे तिथे जाईपर्यंत आम्हालाही माहीत नव्हतं. बसवाले रस्त्याने वळसा घालून नेतात. तुम्ही पायी जा. बऱ्याच भागात लाकडी फळ्यांची वाट आहे, साधारण पाऊण तास लागतो, मुलांसोबत एक तास धरा. कुटुंबासाठी सगळ्यात चांगली वाट हीच, असं माझं मत.

वाटेत डाव्या हाताला, खूप खाली, दियाश बीच दिसतो. कड्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेला, पांढऱ्या वाळूचा, जवळजवळ रिकामा. उतरायला लाकडी पायऱ्या आहेत. उतरताना सोपं वाटतं, चढताना प्रत्येक पायरी मोजली जाते. खाली पोहायचा विचार मनातही आणू नका, पाण्याची ओढ जीवघेणी आहे. वाळूवर बसा, लाटा बघा, पुरे.

कड्याच्या टोकाला पोहोचलात की पाटी खाली, समुद्राच्या पातळीवर दिसते आणि तिच्यासमोरची रांगही. वरून ती रांग मुंग्यांसारखी दिसते. आम्ही खाली उतरलो, रांगेत उभे राहिलो, फोटो काढला. काढायचा तर होताच. पण आज फोनमध्ये तो फोटो बघितला की आधी आठवतो तो वरचा वारा.

ज्यांचे पाय चांगले आहेत आणि हातात आणखी अर्धा दिवस आहे त्यांनी पश्चिमेला ऑलिफंट्सबॉस गाठावं. तिथली फुटलेल्या जहाजांची वाट किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. १९४२ साली महायुद्धाचं सामान घेऊन निघालेलं टॉमस टी. टकर हे अमेरिकन जहाज पहिल्याच सफरीत इथे खडकांवर चढलं. त्याचे गंजलेले तुकडे अजून वाळूत आहेत. पुढे १९६५ मधल्या नोलोथ या डच जहाजाचा सांगाडा. इथे दुकान नाही, सावली नाही, माणसंही फार नाहीत. लाल चोचीचे काळे ऑयस्टरकॅचर पक्षी लाटांच्या कडेने पळत असतात. ते वाळूतच अंडी घालतात, म्हणून पाय बघून टाका.

पायाखाली बघायचं आणखी एक कारण: पफ अ‍ॅडर. आपल्या घोणशीच्या कुळातला, तसाच जाड, तसाच आळशी, वाटेवर ऊन खात पडून राहणारा विषारी साप. केप कोब्राही आहे. घाबरून घरी बसण्यासारखं काही नाही, पण चप्पल घालून झुडपांत शिरू नका आणि मुलांना वाटेवरच ठेवा. गाडी चालवतानाही सावकाश, कासवं रस्ता ओलांडत असतात आणि त्यांना कसलीच घाई नसते.

जायचं ठरलं तर

भारतीयांना व्हिसा लागतो, त्याची तयारी बरीच आधी सुरू करा. मुंबई-दिल्लीहून बहुतेक जण दुबई, दोहा किंवा अदिस अबाबामार्गे जातात. ऋतू आपल्या उलट आहेत. मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथे थंडी-पावसाची सुरुवात, तेव्हा टोकावर पाऊस आडवा मारतो. नाताळात कोरडं आणि ऊन, पण आग्नेयेचा वारा आणि गर्दी. दिवाळीची सुट्टी मात्र तिथला वसंत. फुलं असतात आणि व्हेलही. जून ते नोव्हेंबरमध्ये सदर्न राइट व्हेल पिल्लांसह किनाऱ्याजवळ येतात, फॉल्स बेच्या बाजूला दुर्बीण लावून बसलात तर पाण्याचा फवारा दिसू शकतो. आम्हाला एकदाच दिसला. मुलगी म्हणते दोनदा.

गेट सकाळी लवकर उघडतं, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. उघडताच आत शिरा, बस येईपर्यंत तुमचा दीपस्तंभ पाहून होतो. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या वेळेआधी बाहेर पडायचं असतं, तो हिशोब ठेवा. आत प्यायच्या पाण्याची सोय वाटांवर नाही, बाटल्या भरून न्या. उकडत असलं तरी जॅकेट न्याच. टोपी दोरीची हवी. माझी साधी टोपी आता अटलांटिकमध्ये आहे.

पेंग्विन वेगळ्या दिवसासाठी ठेवा. परतीच्या रस्त्यावर सायमन्स टाउनजवळ बोल्डर्स बीच आहे. १९८२ साली तिथे पेंग्विनच्या फक्त दोन जोड्या आल्या आणि त्यातून मोठी वसाहत झाली. पण त्या एका गोड गोष्टीवर भुलू नका. २०२४ साली आफ्रिकन पेंग्विन 'अतिशय धोक्यात' या यादीत गेले. त्यांचं खाणं म्हणजे तारल्या आणि मांदेलीच्या कुळातले अँकोव्ही मासे, आणि समुद्रात तेच कमी झालेत. फळ्यांच्या वाटेवरून अगदी हातभर अंतरावर ते दिसतात, गाढवासारखे ओरडतात, मुलं खूश होतात. त्यांनाही काही खायला द्यायचं नाही, हे आता मी सांगायला नको.

आणि हो, पोळी-भाजी न्यायला काहीच हरकत नाही. आईने दुसऱ्या दिवशीही रोल केले. गाडीत, काचा वर करून खाल्ले आणि एकच उरला, तो तिने सायमन्स टाउनच्या धक्क्यावर बसून खायला घेतला. तो सीगलने नेला.